लहान मुलांच्या किडनीच्या गाठीत रक्ततपासण्या: कोणती कशासाठी करायची आणि रिपोर्ट कसा वाचायचा

मुलाच्या पोटात गाठ आहे आणि ती किडनीतून आल्यासारखी वाटते, असं सोनोग्राफीत निघालं की आईवडिलांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: रक्त तपासून कॅन्सर आहे की नाही ते लगेच कळेल का? उत्तर सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. नाही. मुलांच्या किडनीच्या कॅन्सरपैकी साधारण ९० टक्के विल्म्स ट्यूमर असतात, आणि विल्म्ससाठी रोजच्या वापरातला एकही खात्रीचा ट्यूमर मार्कर (गाठीची खूण देणारा पदार्थ) रक्तात सापडलेला नाही. रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि पोटात मूठभर गाठ, हे चित्र अगदी नेहमीचं आहे. म्हणून 'रिपोर्ट चांगले आले, आता थोडं थांबून बघू' हा विचार इथे फार महागात पडतो.

मग रक्ताच्या इतक्या नळ्या कशासाठी भरतात? प्रत्येक नळीचं काम वेगळं असतं. काही तपासण्या किडनीच्या गाठीसारखे दिसणारे दुसरे आजार ओळखायला, काही ऑपरेशनच्या टेबलावरचा धोका आधी पकडायला, काही औषधं झेपतात की नाही ते बघायला. कोणती तपासणी कोणत्या प्रश्नासाठी केली हे माहीत असलं की रिपोर्टातले आकडे घाबरवतही नाहीत आणि खोटा दिलासाही देत नाहीत.

रक्ताच्या आधी करायच्या गोष्टी

पोट सारखं दाबून बघू नका आणि नातेवाइकांनाही दाबू देऊ नका. विल्म्सची गाठ मऊ, रक्ताने भरलेली असते आणि तिच्यावरचं आवरण पातळ असतं. ती फुटली तर आजाराची स्टेज वाढते आणि उपचार जड होतात. पडणं, पोटाला मार लागणं हेही सांभाळा.

बीपी मोजून घ्या, आणि तेही मुलाच्या दंडाच्या मापाच्या पट्ट्याने. विल्म्स असलेल्या जवळपास चौथाई मुलांचं बीपी वाढलेलं असतं, कारण गाठीमुळे रेनिन (किडनीतून येणारा, बीपी वाढवणारा पदार्थ) जास्त तयार होतं. मोठ्यांचा पट्टा बांधला तर आकडा खोटा कमी येतो आणि वाढलेलं बीपी सुटून जातं. साध्या बाह्यरुग्ण तपासणीत मुलांचं बीपी मोजायचं राहून जातं, म्हणून स्वतःहून आठवण करा.

डॉपलरसह (रक्तप्रवाह दाखवणारी) सोनोग्राफी आणि त्यानंतर पोटाचा सीटी किंवा एमआरआय, शिवाय छातीचा सीटी. गाठ किडनीच्या आतून वाढतेय की बाहेरून किडनीला ढकलतेय, शिरेत शिरली आहे का, दुसऱ्या किडनीतही काही आहे का, फुप्फुसात ठिपके आहेत का, हे फक्त इथेच दिसतं. निदानाचा मुख्य भार स्कॅनवर आणि मुलाच्या वयावर असतो. रक्त त्यांच्या जोडीला.

वय का महत्त्वाचं? पहिल्या ३ महिन्यांतल्या बाळाच्या किडनीत गाठ असेल तर ती बहुधा मेसोब्लास्टिक नेफ्रोमा असते, आणि ती बरीच सौम्य वागते. २ वर्षांच्या आत रॅब्डॉइड ट्यूमरचा विचार करावा लागतो, तो मात्र फार आक्रमक. विल्म्सचं नेहमीचं वय ३ ते ४ वर्षांच्या आसपास. क्लिअर सेल सार्कोमाही याच वयात दिसतो, पण तो हाडांकडे आणि मेंदूकडे जाण्याची ओढ दाखवतो. किशोरवयात रीनल सेल कार्सिनोमाचं प्रमाण वाढत जातं. पुढचे सगळे रिपोर्ट वाचताना हे वय डोक्यात ठेवा.

दिसायला सारखे, पण वेगळे आजार

सर्वात मोठा घोळ न्यूरोब्लास्टोमा या दुसऱ्या कॅन्सरशी होतो. तो किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून किंवा मज्जातंतूंच्या साखळीतून वाढतो आणि कधी किडनीत घुसतो. गंमत म्हणजे त्याला पकडणारी सर्वात उपयोगी तपासणी रक्ताची नसून लघवीची आहे: व्हीएमए आणि एचव्हीए, म्हणजे ही गाठ बनवते त्या रसायनांचे लघवीत उतरणारे अवशेष. न्यूरोब्लास्टोमाच्या सुमारे ९० टक्के मुलांत हे पदार्थ वाढलेले मिळतात, विल्म्समध्ये वाढत नाहीत. २४ तासांची लघवी गोळा करणं लहान मुलात अवघड, म्हणून बहुतेक ठिकाणी एकदाच घेतलेला नमुना चालतो आणि आकडा लघवीतल्या क्रिएटिनिनच्या (स्नायूंतून येऊन किडनीवाटे बाहेर पडणाऱ्या पदार्थाच्या) प्रमाणात देतात. नमुना कशात आणि किती थंड ठेवायचा ते लॅबला आधी विचारा. तो चुकीचा ठेवला की हे पदार्थ विघटित होतात आणि रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो. उरलेल्या १० टक्क्यांमुळे, नॉर्मल रिपोर्ट आला तरी स्कॅन न्यूरोब्लास्टोमासारखा दिसत असेल तर डॉक्टर पुढच्या तपासण्या सांगतात. ते बरोबरच आहे.

एनएसई हा न्यूरोब्लास्टोमासाठीचा रक्तातला मार्कर बऱ्याच यादीत दिसतो. माझ्या मते त्यावर फार विसंबू नये. तो विल्म्समध्येही वाढू शकतो, आणि लाल पेशींतही असतो. त्यामुळे रक्त काढताना पेशी फुटल्या तरी आकडा चढतो.

दुसरा मार्कर एएफपी, म्हणजे गर्भाचं यकृत बनवतं ते एक प्रथिन. उजव्या बाजूची मोठी गाठ यकृताची की किडनीची हे कळत नसेल तर हा कामाचा, कारण यकृताच्या हेपॅटोब्लास्टोमात तो बहुधा प्रचंड वाढतो. काही जर्म सेल (प्रजनन पेशींच्या) गाठींतही वाढतो, म्हणून त्याच्यासोबत बीटा एचसीजी हा मार्करही करतात. विल्म्समध्ये एएफपी साधारणपणे वाढत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण या एका आकड्याने अनेक घरांची झोप उडते. नवजात बाळाचं एएफपी निसर्गतःच अफाट असतं. जन्मावेळी ते मिलिलिटरमागे ५०,००० नॅनोग्रॅमच्या आसपास असू शकतं, अपुऱ्या दिवसांच्या बाळात त्याहूनही जास्त. मग ते हळूहळू उतरत साधारण वर्षभरात मोठ्यांच्या पातळीला येतं. लॅबच्या कागदावर मात्र मोठ्यांची मर्यादा छापलेली असते, १० च्या आतबाहेर. त्यामुळे महिन्याभराच्या निरोगी बाळाचा रिपोर्टही ठळक अक्षरांत 'वाढलेला' येतो. बाळाचं एएफपी नेहमी वयानुसार तक्त्याशी ताडायचं, आणि शंका असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा करून ते उतरतंय की चढतंय ते पाहायचं. दोन्ही वेळा एकाच लॅबमध्ये करा. काही लॅब नॅनोग्रॅममध्ये आकडा देतात, काही आंतरराष्ट्रीय युनिटमध्ये, आणि दोन्हीत साधारण एक पंचमांशाचा फरक पडतो.

दोन्ही किडन्या सारख्याच फुगलेल्या असतील तर रक्ताचा कॅन्सर किंवा लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) किडनीत पसरला असेल का हे बघावं लागतं. त्यासाठी संपूर्ण रक्तगणना, स्लाइडवर पेशींची पाहणी, एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात येणारा पदार्थ) आणि युरिक अ‍ॅसिड. ताप, वेदना आणि सीआरपी (सूज किंवा संसर्गाची खूण) चढलेलं असेल तर किडनीतला पू किंवा जुनाट संसर्गही गाठीचं सोंग घेऊ शकतो. लघवीचं कल्चर करून घ्यावं. सीआरपी कॅन्सरमध्येही वाढतं, हे मात्र विसरू नये.

गाठ किडनीचीच असेल तर रक्त काय सुचवतं

कॅल्शियम ही यातली सर्वात दुर्लक्षित आणि सर्वात बोलकी तपासणी. तान्ह्या किंवा वर्षादीडवर्षाच्या मुलाच्या किडनीत गाठ आहे आणि रक्तात कॅल्शियम वाढलेलं आहे, तर रॅब्डॉइड ट्यूमर किंवा मेसोब्लास्टिक नेफ्रोमा मनात यायलाच हवा. या दोघांचं वागणं एकमेकांच्या अगदी उलट, त्यामुळे पुढचा मार्ग वय, स्कॅन आणि पॅथॉलॉजी ठरवते. रॅब्डॉइडची शंका असेल तर मेंदूचा एमआरआयही करतात. कॅल्शियम बघताना अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) सोबत हवं. अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण कॅल्शियम खोटं कमी दिसतं. डेसिलिटरमागे ४ ग्रॅमपेक्षा अल्ब्युमिन जितकं कमी, त्याला ०.८ ने गुणून कॅल्शियममध्ये मिळवायचं. आयनाइज्ड (प्रथिनाला न चिकटलेलं) कॅल्शियम करता आलं तर हा हिशेबच नको.

वाढलेलं कॅल्शियम स्वतःही त्रास देतं. मूल सुस्त होतं, उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी लघवी आणि शरीरातलं पाणी कमी होणं. हे आकडे कॅन्सरचं निदान होईपर्यंत बाजूला ठेवायचे नसतात, त्यावर लगेच उपचार लागतात.

हिमोग्लोबिन कमी असणं सामान्य आहे. कधी आहारातल्या लोहाची कमतरता, कधी गाठीत झालेला रक्तस्राव. दोन दिवसांत हिमोग्लोबिन झपाट्याने उतरलं, पोट अचानक मोठं झालं, मूल पांढरं पडलं, तर गाठीच्या आत रक्त साचतंय असं समजून ताबडतोब रुग्णालय गाठा. उलट क्वचित एखाद्या मुलात हिमोग्लोबिन वाढलेलं मिळतं, कारण गाठ एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी वाढवणारं संप्रेरक) बनवत असते.

रेनिनची पातळी मोजता येते, पण उपचार बीपीवर करायचे असतात, रेनिनच्या आकड्यावर नाही. ज्या किशोरवयीन मुलामुलीत सिकल सेलचा वाहक गुण आहे आणि किडनीत गाठ आहे, त्यांच्यात रीनल मेड्युलरी कार्सिनोमा नावाचा दुर्मीळ पण घातक कॅन्सर असू शकतो. म्हणून त्या वयात हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (सिकल सेल ओळखणारी तपासणी) झालेली असेल तर तो कागद फाइलमध्ये लावाच.

एलडीएच बहुतेक सगळ्या मोठ्या गाठींत वाढतं. पेशी फुटलेल्या नमुन्यातही वाढतं. त्यावरून गाठीचा प्रकार ठरत नाही.

ऑपरेशनआधी गोठण्याच्या तपासण्या

विल्म्स असलेल्या काही मुलांना रक्त गोठण्याचा एक तात्पुरता विकार होतो, अर्जित फॉन विलेब्रांड विकार. रक्त गोठायला मदत करणारा फॉन विलेब्रांड घटक रक्तातून कमी होतो. बऱ्याच मुलांना घरी कसलाही रक्तस्राव झालेला नसतो, म्हणून हा विकार थेट ऑपरेशनमध्ये उघडा पडण्याची भीती.

नेहमीच्या गोठण्याच्या तपासण्या म्हणजे पीटी, एपीटीटी (दोन्ही रक्त गोठायला लागणारा वेळ मोजतात), फायब्रिनोजेन आणि प्लेटलेट. अडचण अशी की या चारही नॉर्मल असूनही फॉन विलेब्रांड घटक कमी असू शकतो. म्हणून नाकातून रक्त येणं, हिरड्यांतून रक्त, विनाकारण निळे डाग, इंजेक्शनच्या जागी बराच वेळ रक्त येत राहणं, यातलं काहीही असेल तर ते सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही सांगा, आणि फॉन विलेब्रांड अँटिजेन, त्याची कार्यक्षमता आणि फॅक्टर आठ तपासायचे का ते विचारा. माझा कल असा की किडनीवर मोठं ऑपरेशन होणार असेल आणि सोय उपलब्ध असेल, तर लक्षणं नसतानाही ही तपासणी करून घ्यावी. विकार सापडला तर औषधांनी आणि घटकाच्या इंजेक्शनांनी तो सांभाळता येतो, आणि गाठ लहान झाली किंवा काढली की तो जातो.

रक्तगट आणि क्रॉसमॅच आधीच करून रक्ताची तयारी ठेवा. गाठ मोठ्या शिरेत शिरली असेल तर जास्त.

क्रिएटिनिन: 'नॉर्मल' म्हणजे कोणासाठी नॉर्मल?

एक किडनी आजारी असली तरी दुसरी काम उचलते, त्यामुळे क्रिएटिनिन बहुतेक मुलांत चांगलंच असतं. ते चांगलं आहे म्हणून गाठ साधी, असा अर्थ होत नाही. दुसरा सापळा मर्यादेचा. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, लहान मुलात स्नायू कमी, म्हणून त्याची पातळीही कमी असायला हवी. लॅबच्या कागदावर बऱ्याचदा मोठ्यांची मर्यादा असते.

हिशेब करून बघा. मुलांसाठी २००९ सालापासून वापरात असलेलं श्वार्ट्झचं सोपं सूत्र असं: सेंटिमीटरमधली उंची गुणिले ०.४१३, भागिले क्रिएटिनिन (डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये). १०० सेंटिमीटर उंचीच्या मुलाचं क्रिएटिनिन ०.४ असेल तर किडनीची रक्त गाळण्याची क्षमता येते साधारण १०३. उत्तम. त्याच मुलाचं क्रिएटिनिन ०.९ आलं तर? कागदावर कोणतीही खूण नसेल, कारण मोठ्या माणसासाठी ०.९ अगदी ठीक. पण सूत्रात घातलं की क्षमता येते ४६, म्हणजे निम्म्याहूनही कमी. ज्या मुलाची एक किडनी काढायची आहे, त्याच्यासाठी हा फरक सगळं नियोजन बदलू शकतो. म्हणून प्रत्येक रिपोर्टच्या तारखेला उंची मोजून कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

मूल खूप कृश झालं असेल तर क्रिएटिनिन फसवतं. अशा वेळी सिस्टाटिन सी हे रक्तातलं प्रथिन जास्त विश्वासाचं, कारण ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं.

जनुकांची तपासणी

ही तपासणीही रक्ताच्याच नमुन्यावर होते, पण ती विचारते वेगळं: मुलाच्या जन्मजात जडणघडणीतच या कॅन्सरकडे झुकाव आहे का? दोन्ही किडन्यांत गाठी, फार लहान वय, घरात आणखी कोणाला विल्म्स, डोळ्यात बुबुळाचा रंगीत पडदा नसणं, जननेंद्रियांच्या रचनेत दोष, शरीराची एक बाजू मोठी असणं, मोठी जीभ, यांपैकी काही असेल तर जनुकतज्ज्ञाची भेट ठरवा. ११ व्या गुणसूत्रावरचं डब्ल्यूटी१ हे जनुक १९९० साली सापडलं. त्यात दोष असेल तर दुसऱ्या किडनीवर जास्त लक्ष ठेवावं लागतं, आणि शक्य तिथे पूर्ण किडनी काढण्याऐवजी गाठीचा भागच काढण्याचा विचार होतो. रॅब्डॉइड असेल तर एसएमएआरसीबी१ हे जनुक रक्तात तपासायला हवंच, भावंडांचा प्रश्न त्यावर अवलंबून असतो.

बेकविथ-वीडेमान सिंड्रोम (शरीराची जास्त वाढ होणारा जन्मजात विकार) असलेल्या मुलांसाठी रक्तातल्या मार्करला खरोखर पाळतीचं काम आहे. त्यांच्यात दर ३ महिन्यांनी एएफपी करतात ते यकृताच्या गाठीसाठी. किडनीसाठी मात्र दर ३ महिन्यांची सोनोग्राफीच, साधारण वयाच्या ७ व्या वर्षापर्यंत. एएफपी नॉर्मल आलं म्हणून सोनोग्राफी चुकवू नका.

गाठीतल्या गुणसूत्रांचे बदल ही याहून वेगळी गोष्ट. १क्यू (१ल्या गुणसूत्राची लांब बाजू) चा भाग जास्तीचा असणं किंवा १पी (त्याची आखूड बाजू) आणि १६क्यू (१६ व्या गुणसूत्राची लांब बाजू) हे भाग हरवलेले असणं, यावरून आजार परतण्याचा धोका जोखतात. ही तपासणी काढलेल्या गाठीवर होते. गाठीतून रक्तात सुटणाऱ्या डीएनएवरून हेच ओळखता येईल का, यावर काम चालू आहे आणि विल्म्सच्या मुलांच्या रक्तात असा डीएनए सापडतोही. तरी आज त्याच्या भरवशावर कोणी उपचार ठरवत नाही. बाजारात 'एका थेंबात सगळे कॅन्सर' अशा नावाने मिळणाऱ्या तपासण्यांवर मुलाचे दिवस घालवू नका, ही कळकळीची विनंती.

रक्त काढताना

लहान मुलाच्या बारीक शिरेतून जोर लावून ओढलेलं रक्त फुटतं. मग पोटॅशियम, एलडीएच, एनएसई सगळंच वाढलेलं येतं. रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' असा शेरा असेल तर त्या आकड्यांवर निर्णय घेण्याआधी नमुना पुन्हा द्या. सगळ्या तपासण्या एकाच वेळी, एकाच सुईत होतील अशी यादी डॉक्टरांकडून आधी घ्या. केमोथेरपी सुरू होण्याआधीचे आणि रक्त चढवण्याआधीचे नमुने पुन्हा मिळत नाहीत, म्हणून जनुकांचा आणि सिकल सेलचा नमुना त्याआधीच गेलेला बरा. सुन्न करणारं मलम सुमारे तासभर आधी लावलं तर मुलाचा त्रास खूप कमी होतो. ते मागून घ्यायला संकोचू नका.

केमो चालू असताना

काही उपचारपद्धतींत आधी ऑपरेशन करतात, काहींत ऑपरेशनआधी ४ आठवडे व्हिनक्रिस्टिन आणि अ‍ॅक्टिनोमायसिन डी देतात. दोन्ही रस्त्यांनी निकाल चांगले आहेत, योग्य उपचार मिळाले तर विल्म्सची सुमारे ९० टक्के मुलं बरी होतात. या काळात रक्त बघायचं ते मुलाला सांभाळण्यासाठी.

दर वेळी न्यूट्रोफिलचा (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) नेमका आकडा काढा. एकूण पांढऱ्या पेशी १,८०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के, तर नेमका आकडा ३६०. तो ५०० च्या खाली असताना ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला तर घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, तेव्हाच निघायचं. अ‍ॅक्टिनोमायसिन यकृताला त्रास देऊ शकतं: वजन अचानक वाढणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, पोट फुगणं, बिलिरुबिन चढणं आणि प्लेटलेट अनपेक्षित घसरणं हे एकत्र दिसलं की पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना कळवा. तान्ह्या बाळांत हा धोका जास्त, म्हणून त्यांचे डोस कमी केलेले असतात. डॉक्सोरुबिसिन असेल तर हृदयाचा इको. इफोसफामाइड किंवा कार्बोप्लॅटिन असेल तर फॉस्फेट, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट.

उपचार संपल्यावर

विल्म्स परतला तर बहुतेक वेळा पहिल्या २ वर्षांत, आणि सर्वात जास्त वेळा फुप्फुसात. ते रक्तात आधी दिसत नाही. छातीचं आणि पोटाचं इमेजिंग ठरलेल्या तारखेलाच करा, मूल कितीही हसतंखेळतं असलं तरी. रक्ताचं काम आता उरलेल्या किडनीची राखण करणं: वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन, बीपी आणि लघवीतलं प्रोटीन, आणि हे मोठेपणीही चालू ठेवायचं. डब्ल्यूटी१ चा दोष असेल तर लघवीतल्या प्रोटीनकडे जास्त बारकाईने बघावं लागतं. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या विचारल्याशिवाय देऊ नका, आणि नव्या डॉक्टरांकडे गेलात की मुलाला एकच किडनी आहे हे पहिल्या वाक्यात सांगा.